तो ‘पण’ काढायला लावलात, म्हणून

प्रिय ताई,

आमच्या मुलीच्या दत्तकाचं काम पाहणाऱ्या समाजसेविका तुम्ही. ऑफिसात तुम्हाला सगळे आडनावाने हाक मारतात. मी मात्र पहिल्या महिन्यातच मनातल्या मनात ताई म्हणायला लागले होते. हे पत्र इंग्रजीत तुमच्या हाती पोचलं असेलच. मराठीत पुन्हा लिहिते आहे ते आपल्या माणसांनी वाचावं म्हणून. तुम्ही आमच्यासाठी जे केलंत, त्यातलं बरंचसं आमच्या मराठी बोलण्यातच घडलं.

होम स्टडीसाठी, म्हणजे मूल देण्याआधी घराची आणि आमची पाहणी करायला, तुम्ही तिसऱ्यांदा घरी आला होतात. धुराचे अलार्म, औषधांच्या कपाटाचं कुलूप, बोटांचे ठसे, पगाराच्या पावत्या, सगळं तपासून झालं होतं. आम्ही निवांत होतो. तुम्ही चहाचा कप खाली ठेवलात आणि विचारलंत, “काळ्या रंगाच्या मुलीचं कौतुक तुमच्या भाषेत कसं करतात?” मी अगदी सहज सांगितलं, “रंग सावळा आहे, पण नाकीडोळी नीटस आहे.” शब्दाला शब्द लावून अर्थही सांगितला. तुमचा पेन थांबला. “हे ‘पण’ कशासाठी?”

मला उत्तर देता आलं नाही. ताई, मी स्वतः त्या ‘पण’खाली वाढले आहे. सांगलीच्या घरात साय आणि डाळीच्या पिठाचा लेप लावून बसवलेली मुलगी मीच. बघायला आलेल्या मंडळींसमोर आत्या ज्या मुलीच्या शिक्षणाबद्दल जरा जास्तच बोलायची, तीही मीच. आम्ही विठ्ठलाला सावळा म्हणून ओवाळतो आणि स्थळ बघताना गोरी मुलगी मागतो. हे मी तुम्हाला सांगितलं, तेव्हा तुम्ही उपदेश केला नाहीत. “मग तिला काय ऐकायला मिळेल, हे तुम्हाला माहीत आहे,” एवढंच म्हणालात.

प्रशिक्षणाच्या वर्गात तुम्ही सगळ्यांपुढे काचेच्या बरण्या आणि रंगीत मणी ठेवले होते. डॉक्टर कोण? शेजारी कोण? घरी जेवायला कोण येतं? दर प्रश्नाला त्या माणसाच्या रंगाचा एक मणी. आमची बरणी तपकिरी आणि पांढऱ्या मण्यांनी भरली. काळा मणी एकच, तोही नवऱ्याच्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याचा, आणि तो कधी घरी आलेला नव्हता. “मूल या बरणीत राहायला येणार आहे,” असं तुम्ही वर्गातल्या सगळ्यांनाच सांगितलंत. शिकागोत पंधरा वर्षं काढून आम्ही मराठी मंडळ आणि ऑफिस यांच्या पलीकडे गेलोच नव्हतो. गणपतीला शंभर माणसं घरी येत, आणि ती सगळी आपलीच.

तुम्ही तुमचं मतही लपवलं नाहीत. काळ्या समाजसेवकांच्या राष्ट्रीय संघटनेने 1972 मध्ये काळी मुलं गोऱ्या घरांत देण्याला ठाम विरोध केला होता, आणि त्यामागचं दुःख तुम्हाला आजही खरं वाटतं, असं तुम्ही म्हणालात. 1994 चा कायदा आणि 1996 ची त्यातली दुरुस्ती यांमुळे आता वंशाच्या कारणावरून कुणाला मूल नाकारता येत नाही की थांबवून ठेवता येत नाही. त्याच कायद्याने मुलांच्या समाजातूनही घरं शोधा असं सांगितलं आहे, आणि त्यात हात आखडता घेतला जातो, ही तुमची खंत. याच शहरातल्या फादर जॉर्ज क्लेमेंट्स यांची गोष्ट मला तुमच्याकडूनच कळली. 1980 मध्ये त्यांनी दर चर्चमागे एका तरी कुटुंबाने मूल दत्तक घ्यावं अशी मोहीम सुरू केली आणि कॅथलिक धर्मगुरू असूनही पुढच्याच वर्षी स्वतः एक मुलगा दत्तक घेतला. एवढा इतिहास पाठीशी असलेल्या बाईने आमच्या फाइलवर सही केली. त्या सहीचं मोल मला तेव्हा कळलं नव्हतं.

लेक आली तेव्हा साडेतीन वर्षांची होती. आधी फॉस्टर म्हणून, म्हणजे तात्पुरती सांभाळायला, दत्तक पुढे दोन वर्षांनी. उशीखाली पोळ्या सापडायला लागल्या तेव्हा मी घाबरून तुम्हाला फोन केला. “काढून घेऊ नका, तिला तिचा स्वतःचा डबा द्या,” तुम्ही म्हणालात. पलंगाशेजारी चिवड्याचा डबा ठेवला, तो कधी रिकामा होऊ दिला नाही. चार-पाच महिन्यांनी तिने तो स्वतःच स्वयंपाकघरात आणून ठेवला.

आणि केस! मी खोबरेल तेल चोपडून बारीक फणीने विंचरायला बसले. ती रडली, केस तुटले, मीही रडले. तुम्ही रागावला नाहीत, वेस्ट साइडच्या एका पार्लरमध्ये घेऊन गेलात. तिथल्या बाईंनी मला बसवून शिकवलं: रोज धुवायचे नाहीत, कोरडे विंचरायचे नाहीत, भरपूर कंडिशनर लावून रुंद दातांच्या कंगव्याने टोकाकडून वर यायचं, शिया बटर लावायचं, रात्री सॅटिनची टोपी. आता आमचा रविवार केसांचा असतो. तीन तास जातात. त्या तीन तासांत ती जे बोलते, ते आठवडाभर बोलत नाही.

दत्तकानंतर दरमहा मिळणारं साहाय्य घ्यायला आम्ही तयार नव्हतो. आपल्या पोरीसाठी सरकारचे पैसे कशाला, असं नवऱ्याचं म्हणणं. तो हक्क तुमचा नाही, तिचा आहे, हे तुम्ही त्याच्या गळी उतरवलंत. तिच्या थेरपीचा खर्च आज त्यातून निघतो.

डेली सेंटरमध्ये, म्हणजे शिकागोच्या कोर्टात, न्यायाधीशांनी तिच्या हातात हातोडा दिला आणि तिने तो सात वेळा आपटला, त्या दिवशी तुम्ही मागच्या बाकावर बसला होतात. फोटोत या म्हटलं तर आला नाहीत.

सगळ्यात मोठं काम तुम्ही त्यानंतर केलंत. फाइल बंद झाली होती, तुमच्यावर कसलंच बंधन नव्हतं. तरी तुम्ही तिच्या मोठ्या भावाच्या दत्तक आईवडिलांशी बोललात, आमची गाठ घालून दिलीत. आता दोघं वर्षातून चार-पाच वेळा भेटतात. त्याची आई माझी मैत्रीण झाली आहे, आणि तिच्या चर्चमधल्या बायका आमच्या गौरींना सवाष्ण म्हणून जेवून गेल्या.

परवा सांगलीहून आईचा व्हिडिओ कॉल होता. शेजारच्या काकू डोकावल्या, नातीला बघून म्हणाल्या, “काळी आहे, पण गोड आहे हो.” आई लगेच म्हणाली, “पण नाही. काळी आहे आणि गोड आहे.” लेकीने विचारलं, आजी ‘पण’ का नाही म्हणाली? मी तिला तुमच्याबद्दल सांगितलं. तिला ते तुमच्याच तोंडून ऐकायचं आहे.

जूनमध्ये तिचा भाऊ पंधरा दिवस राहायला येतो आहे. तुम्हीही या. पुरणपोळी करीन. आणि या वेळी फोटोत यायचंच.

तुमची,
सांगलीची, आता शिकागोची एक आई