टायर कुठे झिजला, हे आधी पाहा

महोदय,

आमच्या घरच्या गाडीचा पुढचा डावा टायर बाहेरून जवळजवळ नवा दिसत होता. स्टिअरिंग पूर्ण वळवून आतली कड पाहिली, तेव्हा तिथली नक्षी पुसली जाऊन तारा डोकावत होत्या. अंधेरीतल्या एका दुकानदाराने ‘मुंबईचे खड्डे, दुसरे काय’ असे म्हणून लगेच दोन नवे टायर पुढे केले. खड्ड्यांचा दोष आहेच, परंतु झीज कुठे झाली हे न पाहता टायर बदलणे म्हणजे गळका नळ तसाच ठेवून लादी पुसत बसणे होय. मधला पट्टा झिजला तर हवा जास्त, दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी, एकच कड झिजली तर बहुधा चाकांचा कोन बिघडलेला आणि ठिकठिकाणी खोलगट चट्टे पडले तर शॉकअब्सॉर्बर किंवा बॅलन्सिंगवर संशय घ्यावा. आमच्याकडे खालच्या आर्मचा, म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या दांड्याचा, रबरी बुश (सांध्यातला रबर) फाटलेला निघाला. तो न बदलता नुसते अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवून घेणे, केले असते, तर नवा टायरही त्याच वाटेने गेला असता. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरखाली जाऊ नये, असा नियम आहे. ती मोजताना आतली कडही मोजावी आणि अलाइनमेंटचे आधीचे व नंतरचे आकडे दुकानांनी न मागता छापून द्यावेत.

– एक वाहनधारक, मुंबई