रिकामं ऑफिस शाळेला द्याच, पण आधी जिना मोजा : शिक्षणमंत्र्यांना खुलं पत्र

माननीय शिक्षणमंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी ऑफिसं बनवतो. म्हणजे बिल्डिंग बांधत नाही, बिल्डिंग उभी राहिली की आतलं सगळं माझं, पार्टिशन, फॉल्स सीलिंग, वायरिंग, एसीचे डक्ट, टेबलं. एकोणीस वर्षं हेच करतोय. २०२० नंतर या धंद्यात एक वेगळंच काम वाढलं, ऑफिस लावायचं नाही तर काढायचं. लोक घरून काम करायला लागले, कंपन्यांनी मजलेच्या मजले सोडले, आणि आम्ही जिथे मोठ्या हौसेने काम केलं होतं तिथेच जाऊन सगळं उचकटून भंगारात घालायचं. शेवटच्या दिवशी लाईट बंद करून वॉचमनकडे चावी देताना दर वेळी वाटतं की एवढी चांगली जागा, धडधाकट स्लॅब, पाणी, वीज, लिफ्ट सगळं असून कुलूप लागतंय. त्यातल्या काही बिल्डिंगी आजही तशाच बंद आहेत, काचांवर धूळ आणि आत कबुतरं.

आणि संध्याकाळी घरी आलो की मुलगी सांगते आज आमचा वर्ग कुठे भरला. तिची सरकारी शाळा दोन शिफ्टमध्ये चालते, तरी मुलं मावत नाहीत. आधी लायब्ररीचा वर्ग झाला, मग प्रयोगशाळेचा झाला, त्यामुळे आता प्रयोग बाई पुढच्या टेबलावर करून दाखवतात आणि मागची मुलं उभी राहून बघायचा प्रयत्न करतात. शाळेला मी दोष देत नाही, शिक्षक जीव तोडून शिकवतात, जागाच नाहीये तर ते तरी काय करणार. एकीकडे रिकाम्या खोल्या आणि दुसरीकडे उभी राहिलेली मुलं, हे दोन्ही मी रोज बघतो म्हणून हे पत्र लिहायला बसलो.

तर मागणी सरळ आहे. बंद पडलेल्या ऑफिस बिल्डिंगी घ्या आणि त्यांच्या सरकारी शाळा करा. पण घाईत, नुसते बाक टाकून, फलक लावून, फीत कापून नको. पी हळद अन् हो गोरी असं हे काम नाही, आणि ते कुठे फसू शकतं हे मला आतून माहितीये.

आधी हे सांगतो की हे होऊ शकतं, झालेलं आहे. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातल्या फेअरफॅक्स काउंटीत बेलीज नावाच्या प्राथमिक शाळेत मुलं मावेनाशी झाली तेव्हा त्यांनी जवळची एक पाच मजली रिकामी ऑफिस बिल्डिंग घेतली आणि २०१४ मध्ये तिथे शाळा सुरू केली. मोकळ्या जागेत पसरलेल्या बैठ्या शाळांची सवय असलेल्या त्या भागात उभी शाळा म्हणजे लोकांना नवीनच प्रकार होता. त्याच राज्यातल्या अलेक्झांड्रिया शहरात २०१८ मध्ये जुन्या ऑफिस बिल्डिंगमध्येच एक प्राथमिक शाळा सुरू झाली आणि तिला फर्डिनंड डे यांचं नाव दिलं, व्हर्जिनियातल्या कुठल्याही सरकारी शाळा मंडळाचे ते पहिले कृष्णवर्णीय अध्यक्ष होते. म्हणजे कामचलाऊ सोय म्हणून नाही, मानाने नाव ठेवून शाळा केली. अमेरिकेतल्याच व्हरमाँट राज्यातल्या बर्लिंग्टनला तर हायस्कूलच्या इमारतीत पीसीबी हे विषारी रसायन सापडलं, इमारत सोडावी लागली, आणि २०२१ मध्ये मुलं गावातल्या बंद पडलेल्या मेसीज या मोठ्या दुकानात शिकायला लागली, सरकत्या जिन्याने वर्गात जायची.

बेलीजची एक गोष्ट मात्र तुमच्या अधिकाऱ्यांनी नीट बघावी. त्यांनी पाच मजली बिल्डिंगमध्ये तिसरी ते पाचवीची मुलं पाठवली, लहान मुलं जुन्या शाळेतच ठेवली. याचं महत्त्व मला सगळ्यात जास्त वाटतं आणि माझं मुख्य म्हणणंही इथूनच सुरू होतं. आग लागली तर पाच वर्षांचं मूल जिना कसा उतरतं ते बघा, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत, कठड्याला धरून, आणि मागून मोठी मुलं धावत येत असतात. म्हणून अमेरिकेच्या एनएफपीए १०१ या सुरक्षा नियमावलीत बालवाडी आणि पहिलीचे वर्ग जिथून थेट बाहेर पडता येतं त्याच मजल्यावर ठेवायला सांगितलंय, दुसरीचे फार तर त्याच्या वरच्या एका मजल्यावर.

आता ऑफिसचा जिना आणि शाळेचा जिना यात फरक काय, तर माणसं. अमेरिकेच्या बिल्डिंग कोडात जिने आणि दारं किती हवीत हे ठरवताना ऑफिसमध्ये माणशी १०० चौरस फूट धरायचे, हल्ली तर १५० धरतात, आणि वर्गात मुलामागे फक्त २०. म्हणजे १०,००० चौरस फुटांचा एक मजला घेतला तर ऑफिस म्हणून जिना जेमतेम १०० माणसांच्या हिशोबाने केलेला असतो. त्याच मजल्यावर निम्म्या जागेत जरी वर्ग केले तरी २५० मुलं झाली. आणि ऑफिसातले लोक एकेक करून येतात जातात, शाळा सुटली की सगळी एका मिनिटात जिन्यावर. तुम्ही कितीही छान रंग द्या, भिंतींवर चित्रं काढा, तो जिना १०० माणसांचाच राहतो.

२००४ साली तामिळनाडूत कुंभकोणमच्या शाळेत आग लागून ९४ मुलं गेली. त्याच्या कितीतरी आधी, १९५८ मध्ये शिकागोच्या एका शाळेत ९२ मुलं आणि ३ शिक्षिका गेल्या, तिथे जिना उघडा होता, वरच्या मजल्यावर त्याला दार नव्हतं, धूर त्या जिन्यानेच वर चढला आणि वरच्या मजल्यावरची मुलं वर्गातच अडकली. हे लिहिताना हात थांबतो, पण मंत्र्यांना पत्र लिहायचं आणि हे लिहायचं नाही असं नाही करता येत. जिन्याला धूर अडवणारी, आपोआप बंद होणारी दारं हवीत, दोन जिने एकमेकांपासून लांब हवेत, आणि कमी पडत असतील तर बिल्डिंगच्या बाहेरून नवीन जिना बांधायचा, तो बांधायला जागाच नसेल तर ती बिल्डिंग शाळेसाठी घ्यायचीच नाही, मग ती फुकट मिळत असली तरी.

दुसरी गोष्ट जी फक्त आमच्या धंद्यातल्या माणसालाच माहिती असते. ऑफिसातली बरीचशी पार्टिशन फॉल्स सीलिंगपर्यंतच असतात, वर स्लॅबपर्यंत जात नाहीत. खालून बघितलं तर वाटतं पक्की भिंत आहे, पण वरची एक टाईल सरकवून बघा, सगळा मजला वरून एकच पोकळी. ऑफिसात चालतं, पलीकडचा फोनवरचा आवाज थोडा आला तर काय बिघडतं. शाळेत दोन वर्ग शेजारी शेजारी असले, एकात कविता आणि एकात पाढे, तर कोणालाच काही ऐकू येणार नाही, आणि ज्या मुलाला मुळातच कमी ऐकू येतं त्याचं तर वर्षच वाया. वर्गासाठीच्या अमेरिकन स्टँडर्डमध्ये वर्ग रिकामा असताना आतला आवाज ३५ डेसिबलच्या वर नको असं म्हटलंय, आणि आवाज घुमत राहण्याचा वेळ ०.६ सेकंदाच्या आत. आणि धूरही त्याच पोकळीतून एका वर्गातून दुसऱ्यात जातो. म्हणून प्रत्येक वर्गाची भिंत स्लॅबला भिडली पाहिजे. यात फार मोठा खर्च नाही, फक्त टेंडरमध्ये तसं लिहिलेलं पाहिजे, कारण लिहिलं नसेल तर कॉन्ट्रॅक्टर करणार नाही, मी स्वतः कॉन्ट्रॅक्टर आहे म्हणून सांगतोय.

हवेचंही तसंच. एसी शंभर माणसांचा, आणि खिडक्या बऱ्याच ठिकाणी उघडतच नाहीत, काच फिक्स. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साईड साधारण ४२० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत ४२० भाग असतो, बंद खोलीत भरपूर मुलं बसवली की थोड्याच वेळात १००० च्या वर जातो, म्हणजे ताजी हवा पुरत नाहीये, आणि मग मुलं जांभया देतात आणि आपण म्हणतो लक्ष नाही. उघडणाऱ्या खिडक्या करा, पण वरच्या मजल्यावर ती खिडकी किती उघडेल यावर अडसर हवा, मूल बाहेर झुकता कामा नये. कठड्याच्या दोन गजांमध्ये ४ इंचांपेक्षा कमी फट हवी, लहान मुलाचं डोकं त्यातून जाता कामा नये म्हणून. टॉयलेट तर मोजायलाच नको, ऑफिसचे पाच-सहा घेऊन शाळा चालत नाही, नवीन ड्रेनेज लाईन टाकावी लागते आणि सगळ्यात जास्त तोडफोड तिथेच होते. बिल्डिंग जुनी असेल तर हात लावायच्या आधी ॲस्बेस्टॉसची, म्हणजे जुन्या बांधकामातल्या त्या फुप्फुसाला घातक तंतूंची तपासणी करा, एकदा ड्रिल मारलं की ते हवेत जातं.

एवढं सगळं वाचून कोणी म्हणेल मग हवं कशाला, नवीनच बांधा. नाही हो. या बिल्डिंगींमध्ये मोलाचं असं पुष्कळ आहे. ऑफिसचे कॉलम बऱ्याचदा आठ-नऊ मीटरवर असतात, त्यात एक वर्ग अगदी व्यवस्थित बसतो. ऑफिसचा स्लॅब वर्गाचं वजन सहसा पेलतो, जास्त ताकद लागते ती गर्दीच्या पॅसेजला आणि पुस्तकांच्या रॅकना, तेवढं स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासून घ्यायचं, लायब्ररी तळमजल्यावर ठेवायची. भूकंपाचा धोका असलेल्या भागात तपासणी जास्त कडक लागेल, कारण शाळेला ऑफिसपेक्षा मजबूत बांधकाम लागतं. खिडकीच्या वरच्या कडेची जमिनीपासून जी उंची, त्याच्या दुप्पट-अडीचपट आतपर्यंत उजेड पोचतो, म्हणजे सहा-सात मीटर, तेव्हा वर्ग सगळे खिडकीच्या कडेने आणि मधल्या अंधाऱ्या भागात स्टोअर, टॉयलेट, संगीताची खोली. जमीन शोधण्यात, नवीन बांधण्यात मुलांची वर्षं जातात, चौथीतलं मूल आठवीत जातं तरी पाया भरलेला नसतो. शिवाय जगातल्या एकूण कार्बन उत्सर्जनात सिमेंटचा वाटा ७-८ टक्क्यांच्या घरात आहे, उभा सांगाडा पाडून पुन्हा तोच ओतायचा हे मला तरी पटत नाही.

मग फाईल अडते कुठे, तर मैदानावर. शाळा म्हटलं की इतकी जमीन हवी, इतकं मैदान हवं, ते या बिल्डिंगीला नसतं, आणि प्रस्ताव परत. मला खेळ महत्त्वाचा वाटत नाही असं नाही, माझी मुलगी धावते, तिला धावायला जागा हवीच. पण बिल्डिंगसमोर एवढं मोठं पार्किंग असतं, त्यातलं निम्मं उकरून माती टाका, झाडं लावा, कुंपण घाला. जिम आत करायच्या भानगडीत मात्र पडू नका, ऑफिसच्या मजल्याची उंची चार मीटरच्या आसपास आणि बास्केटबॉलला सात मीटर मोकळी उंची लागते, मध्ये कॉलम ते वेगळेच, त्यापेक्षा पार्किंगमध्ये उंच शेड बरी. आणि जवळच्या सार्वजनिक मैदानाचे ठराविक तास शाळेसाठी लेखी राखून घ्या. म्हणजे महोदय, मैदानाच्या नियमात थोडी सवलत द्या, पण जिन्याच्या, दाराच्या, धुराच्या नियमात एक इंचही सवलत देऊ नका. माझी भीती ही आहे की प्रत्यक्षात उलटं होतं, मैदानाच्या नावाखाली चांगल्या बिल्डिंगी नाकारल्या जातात आणि ज्या घेतल्या जातात त्यांना तात्पुरती सोय म्हणून आगीच्या नियमातून सूट मिळते.

तात्पुरती या शब्दाचंच मला भय वाटतं. भाड्याने घेऊ नका, विकत घ्या, किंवा इतक्या लांब मुदतीचा करार करा की पहिलीत आलेलं मूल तिथूनच शेवटचा वर्ग पास होऊन बाहेर पडेल. आज ऑफिसला गिऱ्हाईक नाही म्हणून मालक हसत देईल, उद्या बाजार सुधारला की तोच नोटीस देईल, आणि मग एवढा जिना, ड्रेनेज, भिंती सगळं सरकारच्या खर्चाने करून मुलं परत लायब्ररीत. करारात लिफ्टच्या देखभालीचंही लिहा, कारण व्हीलचेअरवरच्या मुलासाठी लिफ्ट बंद म्हणजे शाळा बंद. आणि आगीच्या वेळी लिफ्ट वापरायची नसते, तेव्हा अशा मुलांना खाली कोण आणि कसं आणणार हे शाळा उघडायच्या आधी ठरलेलं आणि करून बघितलेलं पाहिजे.

आणखी एक, गेटचं. ऑफिसं मोठ्या रस्त्यावर असतात, तिथे गाड्या वेगात. शाळा सुटल्यावर शेकडो मुलं थेट त्या रस्त्यावर सोडायची नाहीत, मागच्या बाजूने गेट करा, बस आत येऊन थांबेल अशी जागा ठेवा.

तुमच्याकडे एवढंच मागतो की सरकारच्या ताब्यातल्या आणि खाजगी अशा रिकाम्या ऑफिस बिल्डिंगींची यादी करायला सांगा, आणि त्यातली कुठलीही पसंत करायच्या आधी आर्किटेक्ट, स्ट्रक्चरल इंजिनिअर, फायर ऑफिसर आणि सोबत लहान वर्गांना शिकवणारी एक तरी शिक्षिका, असे चौघं मिळून आत पाठवा. किंमत नंतर विचारा. त्या बाईंना विचारा की तुमचा वर्ग इथून खाली उतरायला किती वेळ लागेल, त्यांना बरोब्बर माहिती असतं. त्यांचा रिपोर्ट लोकांना वाचायला ठेवा, बिल्डिंग नाकारली तरी ठेवा, का नाकारली ते आम्हा पालकांना कळू दे.

आणि स्वतः एकदा या. आधी भरलेल्या शाळेत, मधल्या सुट्टीची घंटा होते तेव्हा, जिन्याच्या खाली उभं राहून बघा. मग तिथून थेट एखाद्या रिकाम्या बिल्डिंगीत जाऊ, मोजायला टेप मी आणतो.

आपला,
एक पालक