मिठीवरचा तुझा निबंध

कुर्ला, मुंबई

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

तुझा मिठी नदीवरचा निबंध मिळाला, सावकाश वाचला. माहिती भरपूर जमवली आहेस आणि भाषा तुझी स्वतःची आहे, गाईडमधली नाही, याचा मला फार आनंद झाला. पण वाचून झाल्यावर तुझं नेमकं म्हणणं काय, ते हाती लागलं नाही.

पहिल्या परिच्छेदात 'पाणी म्हणजे जीवन', दुसऱ्यात २००५ चा पूर, तिसऱ्यात एकदम विहार तलाव आणि शेवटी प्लास्टिक टाकू नका. दुसऱ्याच्या जागी तिसरा ठेवून बघ, काही बिघडत नाही. आणि जागा बदलून काही बिघडत नसेल, तर तो परिच्छेद निबंधात अजून बसलेला नाही, असं समज.

ब्लाउज शिवताना मी कापड बेतल्याशिवाय कात्री लावत नाही, हे तू लहानपणापासून बघतेस. निबंधही असाच बेतायचा. आधी एकच वाक्य कागदावर लिही: मला काय म्हणायचंय? 'मिठी नदी' हा झाला विषय. 'मिठीला पसरायला जागा ठेवली नाही, म्हणून तिचं पाणी आमच्या घरात आलं' हे झालं म्हणणं. यावर कुणीतरी 'कशावरून?' असं विचारू शकतं, आणि त्या प्रश्नाचं उत्तर देता देता मुद्दे आपोआप ओळीने लागतात.

विहार आणि पवई तलावांचं ओसंडणारं पाणी घेऊन मिठी निघते. विमानतळाच्या धावपट्टीखालून, आपल्या कुर्ल्यावरून, वांद्रे-कुर्ला संकुलाच्या कडेने ती माहीमच्या खाडीला मिळते. सगळी मिळून १८ किलोमीटरच्या आसपास. आज जिथे संकुलाच्या काचेच्या इमारती आहेत तिथे पूर्वी खाजण होतं, भरती आली की पाणी तिथे पसरायचं. तिथे भराव पडला. काठावर गोदामं, भंगारवाले, घरं आली, पात्र आवळत गेलं. हे आधी सांग, म्हणजे पुराच्या परिच्छेदाला पाया मिळेल.

मग २६ जुलै घे. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस, हा आकडा तू दिलास आणि लगेच पुढे गेलीस. तिथे थांब. त्याच दिवशी कुलाब्याला पाऊणशे मिलिमीटरसुद्धा पडला नव्हता. हे दोन आकडे शेजारी ठेवलेस की वाचणारा सावरून बसेल. पण बघ, हेच आकडे तुझ्या विरुद्धही जातात. कुणी म्हणेल, एवढा पाऊस उपनगरांवरच कोसळला तर नदी काय करणार? त्या माणसाला तुझ्या निबंधात पूर्ण एक परिच्छेद दे. त्याचं म्हणणं मनापासून मांड, आणि मगच सांग की पाऊस कुणाच्या हातात नव्हता, पण पाण्याची वाट आपल्या हातात होती. मला विचारशील तर निबंधाचा जीव याच जागी आहे, इथे घाई करू नकोस.

आपल्या चाळीत तळमजल्याच्या खोल्यांतून पाणी स्विचबोर्डाच्या वर गेलं होतं, हे तू आजीकडून ऐकलं आहेस. ते अवश्य घाल, पण एकाच वाक्यात. रडारड नको.

सुरुवात सगळ्यात शेवटी लिहिलीस तरी चालेल. 'काळाची गरज आहे' हे वाक्य मात्र कायमचं काढून टाक, त्याने आजवर कुणालाही काही पटवलेलं नाही.

परीक्षेत शेजारची मुलं पुरवणी मागायला लागली की तुझा हात शिवशिवतो, मला माहीत आहे. तरी पहिली दहा मिनिटं शेवटच्या पानावर कच्चे मुद्दे काढ. बाण काढ, क्रमांक टाक, नको तो मुद्दा खोडून टाक, कितीही आवडता असला तरी. तुझी विहार तलावाची पूर्ण गोष्ट अशीच खोडावी लागेल. ती सुंदर आहे, पण या निबंधाची नाही. वहीत जपून ठेव.

नवा आराखडा रविवारच्या आत पाठव. निबंध नको, फक्त ते एक वाक्य आणि खाली मुद्दे. बाबा माहीमला जाणार आहेत, खाडीच्या तोंडाचा फोटो काढून आणायला सांगितलाय.

तुझी,
आई