मळणी थांबवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

मार्चमध्ये सकाळी सकाळी सासवडच्या पुढे तुमच्या बांधाला गाडी लावून "सूर्याचा फोटो काढायला जरा जागा द्याल का?" असं विचारणारा तो मीच. सूर्य सगळीकडून दिसतो, मग माझंच रान कशाला, असं तुम्ही विचारलंत. त्या वेळी घाईत काहीतरी सांगितलं. आता नीट सांगतो आणि चारचौघांत सांगतो, म्हणजे हा नाद असलेल्या बाकीच्यांनाही कळेल की तुम्ही नेमकं काय केलंत.

मला सूर्याचा फोटो नको होता, त्याच्यासमोरून जाणाऱ्या आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाचा हवा होता. हे स्थानक सुमारे ४०० किमी उंचीवरून ताशी २७,५०० किमीच्या आसपास वेगानं फिरतं. ते सूर्यबिंबावरून जाताना दिसेल असा जमिनीवरचा पट्टा जेमतेम पाच-सहा किलोमीटर रुंद असतो. पट्ट्याच्या कडेला गेलात तर बिंबाची नुसती किनार कापून जातं, बाहेर गेलात तर काहीच नाही. त्यातून वरच्या विरळ हवेच्या घर्षणानं त्याची कक्षा खाली येत राहते, मग इंजिनं चालवून ती पुन्हा वर उचलतात. त्यामुळे आठवड्यापूर्वीचं गणित कामाला येत नाही. मधली रेघ तुमच्या रानावरून जाते हे आदल्या रात्री कळलं, म्हणून आधी ओळख काढून, फोन करून येणं जमलं नाही.

मी पत्र्याच्या शेडजवळ तिपाई लावायला निघालो होतो. तुम्ही म्हणालात, "तिथं नका. नऊ वाजले की पत्र्यावर हवा नाचती." आणि मला विहिरीपलीकडे घासाच्या कडेला नेलंत. काका, फोटोच्या निम्म्या यशाचं श्रेय या एका वाक्याला आहे. पत्रा, डांबर, नांगरलेली काळी माती तापली की वरची हवा लहरते आणि लांब लेन्समधून सूर्याची कड उकळताना दिसते. ओल्या हिरव्या पिकावर हा त्रास पुष्कळ कमी होतो. लोक लाख-लाखाच्या लेन्स घेतात आणि तिपाई गच्चीच्या तापल्या कोब्यावर ठोकतात.

दुसरं म्हणजे मळणी. गव्हाचा भुसा थेट माझ्याच दिशेनं उडत होता. मी काही बोलायच्या आत तुम्ही मशीन बंद करायला सांगितलंत. मजुरांची खोटी, भाड्याचं मशीन, सगळं माहीत असून.

आता त्या वेळात मी काय करत होतो ते. लेन्सच्या पुढच्या तोंडाला सौर फिल्म, म्हणजे सूर्याचा जवळजवळ सगळा उजेड अडवणारा पडदा, लावलेली. (काजळी धरलेली काच किंवा एक्स-रेची फिल्म अजूनही लोक वापरतात, डोळा जाईल, कृपा करून नको.) ऑटोफोकस बंद, एका सौरडागावर (सूर्यावरच्या काळ्या डागावर) हातानं फोकस करून रिंग टेपनं चिकटवलेली. शटर सेकंदाच्या दोन हजाराव्या भागापुरतं उघडं, आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ते) ५००. सूर्य तिरपा होता, म्हणजे स्थानक आमच्यापासून साडेपाचशे किलोमीटरवर असणार आणि बिंब ओलांडायला त्याला सेकंदही लागणार नाही. पक्षी टिपताना तो दिसला की बटण दाबता येतं, इथं दिसेपर्यंत गेलेलंच असतं. म्हणून जीपीएसच्या घड्याळावर नजर ठेवून दोन सेकंद आधीच बटण दाबून धरायचं. फार आधी दाबलं तर कॅमेऱ्याची मेमरी भरून तो ऐन वेळी अडतो.

फ्रान्सच्या तिएरी लगो यांनी मे २००९ मध्ये हबल दुर्बिणीच्या दुरुस्तीला गेलेलं अटलांटिस यान फ्लोरिडातून असंच सूर्यबिंबावर टिपलं होतं. ते चित्र पाहिल्यापासून मला हे वेड आहे.

माझ्याकडच्या खास सूर्य बघायच्या चष्म्यांतून तुमच्याकडच्या बायकांनीही सूर्य पाहिला. स्थानक नुसत्या डोळ्यांना दिसणार नव्हतंच. एक मावशी म्हणाल्या, "एवढाच व्हय? टिकलीएवढा!" बिंबाचं त्याहून नेमकं वर्णन मी तरी ऐकलेलं नाही.

तुम्ही मात्र एकच विचारलंत, "त्याच्यात माणसं हायेत का?" आहेत, काका. साधारणपणे सात जण असतात आणि नोव्हेंबर २००० पासून ते कधीच रिकामं राहिलेलं नाही. दीड तासात पृथ्वीला एक फेरी होते. म्हणजे तुमची मळणी पुन्हा सुरू होऊन दुपारची भाकरी सुटेपर्यंत त्या माणसांच्या दोन फेऱ्या झाल्या होत्या.

सोबत मोठी प्रिंट पाठवतोय. सात-आठ फ्रेम एकत्र केल्यात, त्यामुळे स्थानक बिंबावर ओळीनं दिसेल. दोन्ही बाजूंचे सौरपंख बघायला नातवाला भिंग द्या. ठळक काळा ठिपका आहे तो सौरडाग, स्थानक नव्हे. पाहुण्यांना दाखवताना गडबड होईल. छोट्या प्रिंटा मजुरांसाठी आहेत, एक टिकलीवाल्या मावशींना नक्की द्या. खोटीचे पैसे तुम्ही घेतले नाहीत, वर हरभऱ्याचे ढाळे गाडीत टाकलेत. घरी सगळ्यांनी भाजून खाल्ले.

पुढच्या वेळी रेघ कुणाच्या रानावर येईल सांगता येत नाही. तुमच्या आसपास आली तर या खेपेला आधी फोन करीन.

आपला,
सूर्याचा फोटोवाला