तक्रार: डावा कान बंद पडलेला गेमिंग हेडसेट, आणि "तुमच्या गावाकडे लाइटचा प्रॉब्लेम असतो" म्हणणारा तुमचा सपोर्ट

प्रति,
कस्टमर सपोर्ट हेड

आत्ताच तुमच्या सपोर्टचा फोन ठेवला आणि लगेच लिहायला बसलो. माझं तिकीट तुमच्या सिस्टीममध्ये "रिझॉल्व्ह्ड" दाखवून राहिलं. काय रिझॉल्व्ह झालं ते सांगा. हेडसेट माझ्यासमोर टेबलावर पडलेला आहे, डावा कान तसाच बंद आहे, वॉरंटीचे सात महिने बाकी आहेत आणि तुमच्या कुणी त्या वस्तूला अजून हातसुद्धा लावलेला नाही.

प्रॉब्लेम तिकिटात सगळा लिहिलाय तरी परत लिहितो, कारण दर वेळी नवीन माणूस फोन घेतो आणि दर वेळी पहिल्यापासून विचारतो. डाव्या कपात आवाज येत नाही. कप हाताने थोडा पुढे फिरवून तसाच दाबून धरला की खर्रर्र करून आवाज येतो, हात सोडला की गेला. म्हणजे हेडबँड जिथे लांब-आखूड होतो तिथून जी बारीक वायर डाव्या कपात जाते ती आत तुटत आलीय. हे कळायला इंजिनियर लागत नाही. तुमचाच माल आहे, आतली वायर कुठून कशी नेलीय हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही. तुमच्याच साइटवर याच मॉडेलच्या खाली लोकांनी हेच लिहिलंय, डावा कप, डावा कप, डावा कप, आणि प्रत्येकाच्या खाली तुमचा तोच रिप्लाय की कृपया आमच्या सपोर्टशी संपर्क साधा. साधला ना संपर्क. पुढे काय?

तुमच्या लोकांनी सांगितलेलं सगळं केलं. ड्रायव्हर काढून परत टाकला, फर्मवेअर म्हणजे हेडसेटच्या आतलं सॉफ्टवेअर अपडेट केलं, रिसेट केलं, पीसीला लावायची वायरलेसची छोटी काडी, तो डोंगल, दुसऱ्या पोर्टला लावून बघितला, मित्राच्या पीसीवर बघितला. शेवटी 3.5 एमएमची केबल लावून डायरेक्ट मोबाईलला जोडला, तिथे ना तुमचा ड्रायव्हर येतो ना फर्मवेअर ना विंडोज, तरी डावा कान बंदच. याचा व्हिडिओ काढून मेलवर पाठवला, त्यात कप फिरवताना आवाज येतो-जातो ते स्पष्ट दिसतं आणि ऐकू येतं. त्या मेलला उत्तर आलं की ड्रायव्हर रिइन्स्टॉल करून बघा. म्हणजे व्हिडिओ कुणी उघडलाच नाही.

आता आजच्या फोनचं. कॉल रेकॉर्ड होतो असं तुम्हीच सुरुवातीला ऐकवता, तर ती रेकॉर्डिंग काढा आणि स्वतः ऐका. मराठीचा ऑप्शन दाबला, मॅडम मराठीच बोलत होत्या, म्हटलं चला आज नीट बोलणं होईल. मी सगळं सांगितलं. त्यांनी मध्येच विचारलं, "सर, तुमचं लोकेशन काय आहे?" मी म्हटलं रावेर, जिल्हा जळगाव. तर म्हणे, "ते ग्रामीणमध्ये येतं का?" मी म्हटलं तालुक्याचं ठिकाण आहे, पण त्याचा हेडसेटशी काय संबंध? तर त्या अगदी शांतपणे म्हणाल्या, "सर, गावाकडे लाइटचा प्रॉब्लेम असतो ना, व्होल्टेज कमी-जास्त होतं, त्याच्यामुळे प्रॉडक्ट खराब होतात, ते वॉरंटीत कव्हर होत नाही."

मला दोन मिनिटं काय बोलावं सुचेना. मग मी म्हटलं, मॅडम, हा हेडसेट भिंतीतल्या प्लगला लावतच नाहीत, पीसीच्या यूएसबीला लावून चार्ज होतो, यूएसबीला 5 व्होल्ट मिळतात, घरात 230 येवो नाहीतर 180, पीसीचा पॉवर सप्लाय पुढे 5 च देतो, आणि लाइटनेच जळायचं असतं तर आधी माझा पीसी जळाला असता. तो चालूय. माइक चालूय, बॅटरी चार्ज होते, उजवा कान चालू आहे. व्होल्टेज काय फक्त डावा कान बघून येतं? आणि कप फिरवला की आवाज परत येतो तो कसा? त्यावर थोडा वेळ होल्डवर ठेवलं, मग परत येऊन म्हणे, "सर, तुमच्याकडे टेम्परेचर पण जास्त असतं ना?" हो असतं. मे महिन्यात 45 च्या वर जातं, सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. मग विकताना का नाही विचारलं? ऑर्डर करताना पत्ता टाकला तेव्हा का नाही म्हणाले की भाऊ, तुमच्याकडे ऊन जास्त आहे, आम्ही तुम्हाला हेडसेट देत नाही? आणि हेडसेट बंद पडला तो डिसेंबरात, जेव्हा आम्ही इथे स्वेटर घालून बसतो. तेही सांगितलं. शेवटी त्या म्हणाल्या, "पण सर, एका साइडने आवाज येतोय ना, मग सिस्टीममध्ये प्रॉडक्ट वर्किंग दाखवतं." आणि लगेच, "आणखी काही मदत हवी आहे का?"

फोन ठेवल्यावर मेसेज आला, आमच्या सेवेला 5 पैकी किती स्टार द्याल.

त्या मॅडमवर माझा राग नाही. त्यांच्यासमोर जे लिहून ठेवलेलं असेल ते त्या वाचत होत्या. गावाचं नाव ऐकलं की लाइटवर ढकला, लाइटवर जमलं नाही की उन्हावर ढकला, हे ज्याने लिहून दिलं त्याच्यावर राग आहे, आणि तो माणूस तुमच्या ऑफिसात बसतो. म्हणून हे पत्र तुम्हाला.

एका कानाने वर्किंग म्हणजे काय हो? तुम्ही बॉक्सवर मोठ्या अक्षरात 7.1 सराउंड, म्हणजे चारी बाजूंनी आवाज, असं लिहून विकता. मी व्हॅलोरंट हा टीमने खेळायचा गोळीबाराचा ऑनलाइन गेम खेळतो. त्यात समोरचा डावीकडून येतोय की उजवीकडून हे पावलांच्या आवाजावर कळतं, अर्धा खेळ कानावर असतो. डावा कान गेला की डावीकडून येणारा माणूस डोक्यात गोळी बसल्यावरच कळतो. आमची पाच जणांची टीम आहे, दोघं भुसावळचे, एक सावद्याचा, एक पुण्यात नोकरीला गेलेला, दिवसभराची कामं उरकून रात्री भेटायची आमची तीच एक जागा. ऐकूच येत नाही तर काय खेळणार? माझ्यामुळे टीम हरायला लागली म्हणून मीच आता बाहेर बसतो.

आणि पिकअपचं काय ते एकदाच स्पष्ट सांगा. आधीच्या कॉलला सांगितलं की तुमचा पिनकोड पिकअपसाठी सर्व्हिसेबल नाही, हेडसेट घेऊन नाशिकच्या सर्व्हिस सेंटरला या. रावेरहून भुसावळ, तिथून पुढे अडीचशे किलोमीटर नाशिक, एक दिवस कामाला खाडा, आणि तिथेही हेडसेट फक्त जमा करून घेणार, परत आणायला पुन्हा एक चक्कर. 4,499 रुपयांच्या वस्तूसाठी. याच पिनकोडवर तुमचा माल दोन दिवसात घरपोच आला होता, कुरिअरवाल्याने दारात उभं राहून ओटीपी घेतला होता. त्याच पत्त्यावरून खराब माल परत न्यायला कुरिअर का येत नाही? पैसे घ्यायला रावेर चालतं आणि वॉरंटी द्यायची वेळ आली की रावेर नकाशावरून गायब, याचं उत्तर मला कुणीही दिलं नाही.

आमच्या घरात केळीचा धंदा आहे, आमचा माल ट्रकने दिल्लीपर्यंत जातो. तिकडे गाडी उघडल्यावर माल काळा पडलेला निघाला तर तिथला व्यापारी फोन करतो, फोटो पाठवतो आणि आम्ही हिशोबात कापून देतो. तुमच्या दिल्लीत थंडी जास्त आहे, त्याला आम्ही काय करू, असं माझ्या वडिलांनी आजवर कुणाला सुनावलेलं नाही. वडील मला म्हणे, काहून रे, एवढ्याशा वस्तूसाठी कितीदा फोन करतो, सोडून दे. मी नाही सोडणार. वायर तुटली ते एक वेळ समजू शकतो, मशीनमध्ये बनलेली वस्तू आहे, एखादी खराब निघते. पण माझ्या गावाचं नाव ऐकून मला वॉरंटीतून बाहेर काढलं हे मी विसरणार नाही.

जास्त वाईट याचं वाटतं की मी तुमचा जुना कस्टमर आहे. कॉलेजला असताना तुमचाच साधा वायरवाला हेडसेट घेतला होता, तो अजून घरात चालू आहे, आता लहान बहीण क्लासला वापरते. त्याच्याच भरवशावर मी टीममधल्या दोघांना तुमचा माल घ्यायला लावला. आज ते मला विचारतात की आमचा बंद पडला तर आम्ही पण नाशिकला जायचं का?

तुमच्या वॉरंटी कार्डावर बारीक अक्षरात लिहिलंय की वाद झाला तर फक्त तुमच्या शहरातल्या कोर्टात. ते मला दाखवू नका. ग्राहक संरक्षण कायदा 2019, जो 20 जुलै 2020 पासून लागू आहे, त्यात ग्राहक जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करू शकतो. म्हणजे माझ्यासाठी जळगाव. 5 लाखापर्यंतच्या मालाला फी नाही, वकील लावायची सक्ती नाही, तक्रार ऑनलाइन भरता येते, मुदत 2 वर्षं आहे. त्याच्या आधी 1915 वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला नोंद करणार. बिल आहे, सिरीयल नंबरच्या स्टिकरचा फोटो आहे, व्हिडिओ आहे, तुमचे सगळे मेल आहेत. तुम्हाला जळगावला यायला लागलं तर ते आमच्यासाठी नाशिक लांब आहे तेवढंच लांब पडेल.

मला नवीन हेडसेट पाहिजे किंवा पूर्ण पैसे पाहिजेत. रिपेअर करून तीच वायर परत जोडून दिलेली चालणार नाही, कारण तिथेच ती परत तुटणार हे तुम्हालाही माहीत आहे. डिस्काउंट कूपन पाठवू नका. जुना हेडसेट माझ्या घरून न्यायचा, ज्या पत्त्यावर दिला होता त्याच पत्त्यावरून, आणि तिकीट परत ओपन करून त्यातला "वर्किंग" हा शेरा काढायचा. पंधरा दिवसात लेखी उत्तर आलं नाही तर 1915.

फोन करायचा असेल तर रात्री आठनंतर करा, दिवसा गाड्या भरायचं काम चालू असतं आणि तिथे काही ऐकू येत नाही. आणि जो कुणी फोन करेल त्याला आधी तिकीट वाचायला आणि व्हिडिओ बघायला सांगा. लोकेशन विचारायची गरज नाही, ते बिलावर छापलेलं आहे.

तुमचा एक ग्राहक,
रावेर, जि. जळगाव