जोडीचा विषय ठरवण्याआधी

खानापूर, जि. बेळगाव

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

ग्लोबल हेल्थ, म्हणजे जगभरच्या लोकांच्या आरोग्याचा अभ्यास, हा मुख्य विषय तू पक्का केलास, हे फोनवर ऐकून मनापासून बरं वाटलं. जोडीचा विषय आणि उन्हाळ्यातलं फील्डवर्क येत्या महिन्यात ठरवायचं आहे म्हणालीस, माझं मत विचारलंस. तेव्हा मामा समोर बसले होते आणि ‘डॉक्टर नाही, नर्स नाही, मग पोरगी होणार तरी कोण?’ असं त्यांचं चाललं होतं, त्यामुळे नीट बोलता आलं नाही. माझं मत असं: जोडीला संख्याशास्त्र घे. आणि पहिलं फील्डवर्क केनियासारख्या परदेशात नको, इथे आपल्या तालुक्यात कर. का, ते सविस्तर लिहिते. माझी सगळी नोकरी उपकेंद्रावर गेली, तेव्हा उदाहरणं मला तिथलीच सुचणार.

मामांच्या प्रश्नाचं उत्तर मी त्यांना दिलं आहे. डॉक्टर समोरच्या पेशंटला बरं करतो. पण एकाच वाडीतली माणसं एकाच महिन्यात का आजारी पडतात, गोदामात असलेलं औषध बाईच्या हातात का पडत नाही, कुठल्या आजाराला पैसा मिळतो आणि कुठल्याला मिळत नाही, हे बघणारी माणसंही लागतातच की. ती साथींच्या सर्वेक्षणात काम करतात, मेडिकल कॉलेजांच्या संशोधनात असतात, संस्थांमध्ये असतात. पुढे एम.पी.एच., म्हणजे सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी, करायचं झालं तर तिरुवनंतपुरमला अच्युत मेनन केंद्र आहे, मुंबईला टाटा समाजविज्ञान संस्था आहे. पोटापाण्याची मला काळजी नाही. मला काळजी आहे ती तू काय आणि कसं शिकतेस याची.

बाळंतपणानंतर रक्त जाऊन बाई दगावते, हे तू लहानपणापासून माझ्या तोंडून ऐकलं आहेस. त्यावर ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन आहे, पण ते थंड ठेवावं लागतं आणि टोचायला शिकलेला हात लागतो. खेड्यात बाळंतपण घरात, विजेचा भरवसा नाही, फ्रिज तिकडे पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात. आपल्या बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी अमेरिकेतल्या संशोधकांच्या बरोबरीने एक प्रश्न हातात घेतला. मिसोप्रोस्टॉलची गोळी फ्रिजशिवाय टिकते, पाण्याबरोबर घेता येते. डॉक्टर जवळ नसताना नर्सबाईनेच ती दिली तर रक्त जाणं कमी होईल का? २००२ ते २००५ या काळात आपल्या जिल्ह्यातल्या चार पीएचसींच्या हद्दीत १,६२० बाळंतिणींना घेऊन हा अभ्यास झाला आणि २००६ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. औषधाची गोळी न मिळालेल्यांपैकी शेकडा १२ जणींना जादा रक्तस्राव झाला होता, गोळी मिळालेल्यांपैकी शेकडा ६.४ जणींना. पुढे २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेने या कामासाठी ही गोळी आपल्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली. मी त्या अभ्यासात नव्हते, पण ज्यांच्या हातून तो झाला त्या माझ्यासारख्याच नर्सबाई होत्या, याचा मला फार अभिमान आहे.

त्या कामातली एक वस्तू तुला दाखवायची आहे. आमच्याकडे रक्त किती गेलं ते नजरेने ठरायचं. वार पडली की खालची लुगडी किती भिजली, जमिनीवर किती सांडलं ते बघायचं आणि अंदाजाने आकडा लिहायचा. घरात उजेड कमी, जमीन सारवलेली, रक्त त्यात मुरून जायचं. अंदाज नेहमी कमीच यायचा. बाई पांढरी पडायला लागली, हातपाय गार पडले, की मग धावाधाव. अभ्यास करणाऱ्या या लोकांनी पारदर्शक प्लास्टिकची एक चादर तयार केली. बाळ बाहेर आलं की ती बाळंतिणीच्या कमरेखाली सारायची आणि पट्ट्यांनी पोटावर बांधायची. खालचा भाग नसराळ्यासारखा निमुळता, आणि त्यावर मापाच्या रेघा. रक्त रेघेवर चढताना दिसतं. मग गाडी बोलवायला नर्सला कुणाच्या परवानगीची वाट बघावी लागत नाही, आणि ‘अजून थोडं थांबूया’ म्हणणाऱ्या सासूलाही रेघ दाखवता येते. अलीकडे केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या ८० रुग्णालयांत अशाच रेघांच्या चादरीने रक्त मोजून लगेच उपचार सुरू करण्याची पद्धत तपासली गेली. २०२३ साली निकाल आला: जोराचा रक्तस्राव आणि त्यातून ओढवणारे प्रसंग ६० टक्क्यांनी घटले.

आता बघ, या एका कामात किती विषय आले. औषधशास्त्र आलं, विजेचा आणि रस्त्याचा प्रश्न आला, नर्सला कोणतं औषध द्यायची मुभा आहे हा कायदा आला, घरातल्या बाईचा शब्द कोण ऐकतं हे समाजशास्त्र आलं. पण हे सगळं उभं राहिलं ते मोजण्यावर. १२ आणि ६.४ मधला फरक योगायोगाचा नाही हे कशावरून? बायका १,६२०च का, दोनशे का नाही? कुणाला कुठली गोळी हे आधी चिठ्ठ्या टाकल्यासारखं का ठरवायचं, आणि देणाऱ्या नर्सलाही ते का कळू द्यायचं नाही? याची उत्तरं ज्याला स्वतःच्या हाताने काढता येतात त्याला कुणी आकड्यांनी फसवू शकत नाही. म्हणून संख्याशास्त्र.

त्याच अभ्यासातला एक प्रश्न तू वर्गात काढावास असं मला वाटतं. निम्म्या बायकांना औषध नसलेली गोळी मिळाली. त्या घरांमध्ये तेव्हा तसंही काही दिलं जात नव्हतं, मग त्यांचं नुकसान काय झालं, असं म्हणता येतं. तशाच घरांत मी बाळंतपणं केली आहेत, त्यामुळे एवढ्यावर माझं समाधान होत नाही. आणि तो अभ्यास झाला नसता तर पुढच्या लाखो बायकांना गोळी मिळायला आणखी किती वर्षं गेली असती, हेही मला दिसतं. यातली कुठलीच बाजू सोडून देऊ नकोस. ज्यांच्यावर अभ्यास होतो त्यांच्या उंबरठ्यावर बसून विचार करायची सवय तुला लागावी, एवढीच माझी इच्छा आहे.

आता फील्डवर्कचं. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडं मरून पडायला लागली आणि त्याच सुमाराला माणसं तापाने फणफणली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने विषाणू शोधून काढला. हा माकडताप गोचिडीतून येतो. बरीच वर्षं तो शिमोगा आणि आसपासच्या भागात राहिला, आणि मग सह्याद्रीच्या रांगेने सरकत २०१५ साली गोव्यात सत्तरीला, २०१६ साली सिंधुदुर्गात दोडामार्गला पोचला. गोव्यात काजूच्या बागांमध्ये राबणाऱ्या मजुरांना तो झाला. साथीचा जोर कोरड्या महिन्यांत, जानेवारीपासून पुढे. काजूचा हंगामही तेव्हाच. आणि आपल्या जंगलभागातल्या वाड्यांमधून त्या दिवसांत काजूला कोण जातं, हे तुला मी सांगायला नको. तुझ्या वर्गातल्या मुली आईबरोबर निघून जायच्या आणि वार्षिक परीक्षेच्या तोंडावर परत यायच्या, आठवतं का?

एक बाई तिकडून तापाने फणफणत परत आली असं धर. ताप गोव्याच्या बागेतला, आजारी पडली कर्नाटकात. दवाखान्यात मलेरिया बघतात, टायफॉइड बघतात. ‘कुठे कामाला गेली होतीस?’ हे विचारलंच नाही तर माकडतापाची तपासणी होणारच नाही. तिचा आकडा कुठल्या राज्यात धरायचा? गोचीड चावू नये म्हणून अंगाला लावायचं डेपा तेल आहे, पण ते गाव सोडण्याआधी तिला द्यायचं कुणी, आणि ठेकेदाराची गाडी पहाटे येते ती वेळ आरोग्यखात्याला कशी कळणार? जुनी लस फारशी कामाला येईना म्हणून थांबली. म्हणजे आज तरी सगळी मदार अशा प्रश्नांवरच आहे. गोचिडीचा अभ्यास करणारा, जंगलखात्याचा माणूस, मजुरीचा हिशेब जाणणारा आणि मराठी-कोकणी-कन्नड तिन्ही बोलणारा, असे चौघे एका खोलीत बसल्याशिवाय यातलं काही सुटायचं नाही. तुझ्या विषयात हीच बसायची जागा आहे असं मी समजते. म्हणून म्हणते, या उन्हाळ्यात त्या बायकांबरोबर राहा. केनिया कुठे पळून जात नाही. जाशील तेव्हा मी तुझी बॅग भरून देईन.

सीमेचं राजकारण तू लहानपणापासून ऐकत आलीस, मोर्चेही बघितलेस. आरोग्यात ते कसं उतरतं ते मात्र जवळून बघ. खानापूरच्या घरात महाराष्ट्रातल्या चंदगडची सून येते. शाळा मराठी, कन्नड अक्षर येत नाही. गरोदरपणात तिला इथलं तायी कार्ड, म्हणजे तिच्या तपासण्यांच्या नोंदींचं कार्ड, मिळतं, त्यातल्या सूचना कन्नडात. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून सातव्या महिन्यानंतर ती कार्ड घेऊन महाराष्ट्रात जाते. तिथल्या सिस्टरला ते वाचता येत नाही, नोंदणी परत पहिल्यापासून. अशाच एका मुलीचं हिमोग्लोबिन फार कमी होतं आणि त्याबद्दलचा शेरा कन्नडात होता. मी तो साध्या कागदावर मराठीत उतरवून कार्डाला टाचणी लावून दिला आणि तिच्या भावाला निक्षून सांगितलं की हा कागद आधी दाखवायचा. टाचणीवर किती दिवस चालायचं? २०२३ साली महाराष्ट्र सरकारने सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जन आरोग्य योजना लागू करायचं ठरवलं तेव्हा दोन्ही बाजूंनी केवढा गदारोळ झाला. कोविडमध्ये दोन राज्यांच्या हद्दीवरच्या कोगनोळीच्या नाक्यावर तपासणीच्या रिपोर्टसाठी गाड्या अडवल्या जायच्या. यावर कुणाची बाजू घ्यायला मी सांगत नाही. आपल्या मराठीवर माझा जीव आहे, तरीही तुला सांगते, कन्नड लिहायला-वाचायला पक्कं कर. या जिल्ह्यात ज्याला दोन्ही लिप्या येतात त्याच्या हातून जीव वाचतात.

निपाणीच्या आत्याकडे जाशील तेव्हा तंबाखूच्या वखारीत जाणाऱ्या बायकांशी बोल. १९८१ साली तंबाखूच्या भावासाठी तिथल्या शेतकऱ्यांनी आंदोलन केलं, गोळीबारात माणसं गेली. तंबाखू नियंत्रणाचा जागतिक करार २००५ पासून अमलात आहे, भारतही त्यात आहे. तंबाखू पिकवणाऱ्यांना आणि त्यात राबणाऱ्यांना दुसरं पोटापाण्याचं साधन मिळावं यासाठी त्यात एक कलमही आहे. त्या कलमाचं निपाणीच्या गल्लीत काय झालं, हा नुसता एवढा प्रश्न घेतलास तरी एक प्रबंध होईल.

आणि टिळकवाडीचं व्हॅक्सिन डेपो. त्या मैदानावर तू सायकल शिकलीस. देवीच्या रोगाच्या निर्मूलनाच्या मोहिमेत देशात ज्या चार ठिकाणी लस तयार व्हायची त्यातलं एक हे. १९८० साली जगातून देवी गेल्याची घोषणा झाली. तुझ्या वर्गात देवीचा धडा येईल तेव्हा हे सांग, सर्वांना कळू दे.

या विषयाचा एक धोका मला दिसतो. थोडं अर्थशास्त्र, थोडं जीवशास्त्र, थोडं मानववंशशास्त्र, थोडा कायदा. चार वर्षांनी सगळ्यावर बोलता येतं आणि एकही काम हातात बसलेलं नसतं. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात तर हा विषय एकटा घेताच येत नाही, दुसऱ्या पूर्ण विषयाच्या जोडीनेच घ्यावा लागतो. ते मला पटतं. तुमच्याकडे सक्ती नसली तरी तू तसंच कर. मानववंशशास्त्र तुला जास्त आवडतं हे मला ठाऊक आहे, आणि माणसांशी बोलायची हातोटी तुझ्यात आहेच. तिला मोजमापाचा आधार मिळाला तर तुझं म्हणणं जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यालाही बाजूला सारता येणार नाही. सगळा विचार करूनही मानववंशशास्त्रच घ्यावंसं वाटलं तर घे, पण संख्याशास्त्राचे निदान दोन पेपर तरी सोडू नकोस.

फॉर्म भरण्याआधी काय ठरलं ते कळव. इकडे यायचं असेल तर फेब्रुवारीच्या आत सांग, म्हणजे काजूला जाणाऱ्या बायकांशी मी आधी बोलून ठेवते. परवानगीशिवाय कुणाच्या मागे वही घेऊन फिरायचं नाही. तुमच्या कॉलेजचं नैतिकता समितीचं पत्र लागेल, त्याला वेळ जातो म्हणालीस, तर आजच अर्ज टाक. बाबा फीचा पुढचा हप्ता पंधरवड्यात भरतील. आजीने तुझ्यासाठी कुंदा आणायला सांगितलाय, येणाऱ्याबरोबर पाठवते.

तुझी,
आई