पेटीच्या खोक्यातला बल्ब

नेरूर, ता. कुडाळ
कार्तिक वद्य षष्ठी

चि. बाबू यास अनेक आशीर्वाद.

तू त्या दिवशी भरल्या पानावरून उठून गेलास, ते आईच्या मनातून अजून गेलेले नाही. कोणी घरी आले की "माझो झील उपाशी गेलो" एवढेच सांगते आणि पदर डोळ्याला लावते. फोनवर बोलायचे तर तू "हो बाबा, हो बाबा" म्हणतोस, आणि मागून कोणीतरी सामान उतरवा म्हणून ओरडत असतो. म्हणून कागद घेतला. माईचा धाकटा शनिवारी वेंगुर्ल्याकडे तुमच्या दशावतारी नाटकाला येणार आहे, त्याच्याकडे देतो. निवांत वाच. तू नाटकाची गाडी चालवतोस त्याबद्दल एक अक्षर लिहायचे नाही असे ठरवून बसलो आहे. पेटीबद्दल लिहितो.

तू गेल्यापासून पायपेटी उघडली नव्हती, ती आज उघडली. भाता कोरडा आहे, चामड्यावर डाग नाही, एकही पट्टी अडकत नाही. खोक्यातल्या तुझ्या दमट हवेच्या यंत्रावर सकाळी 71 आकडा होता, उन्हे आल्यावर 60 झाला. हे तुला आधी सांगायला हवे होते. गेल्या वर्षी गणपतीत पाहुण्यांसमोर मी तुला जे बोललो त्याची भरपाई मी कधीच केली नाही.

आजोबांपासूनची रीत, मिरगाला खोक्यात 40 वॉटचा बल्ब लावायचा तो दसऱ्याला काढायचा. विजेचे बिल कमी यावे म्हणून तू तिथे 9 वॉटचा एलईडी लावलास. उजेड दुप्पट पडला, पण ऊब नाही. चतुर्थीला पेटी बाहेर काढली तर भात्यावर बुरशी, मधल्या सप्तकातल्या तीन पट्ट्या फुगून बसलेल्या आणि काळी चारचा सूर मुका. आरतीला माणसे जमलेली आणि मी हातात कानस घेऊन तुझ्यावर ओरडतो आहे. आपला जुना बल्ब उजेडासाठी नव्हताच, तो चुलीसारखा होता, हे मलाही नीट ठाऊक नव्हते. ते तू मला नंतर समजावलेस. आणि आठ दिवसांत दमट हवा मोजणारा तो सेन्सर, रिले आणि ऊब देणारा चिनी मातीचा पांढरा रेझिस्टर जोडून हे यंत्र केलेस. 65 च्या वर आकडा गेला की खट् करून लागते, खाली आला की आपोआप बंद. आजोबांनी, मी, दोन पिढ्यांनी बल्बच बदलले. तुला मात्र तो का लावतात हे विचारावेसे वाटले. मी हे काकाला दहा वेळा सांगितले आहे, तुला एकदाही नाही.

तू सात वर्षांचा असशील. मागच्या पडवीत मी पेटीचे सूर काढून बसलो होतो आणि तू टॉर्च धरला होतास. एक सूर बोलत नव्हता. त्याच्या पितळी जिभेखाली मी दाढीच्या ब्लेडचा पातळ तुकडा सरकवला, आणि तांदळाच्या कोंड्याचा एक कण बाहेर पडला. एवढासा कण. तू तो बोटावर घेऊन आईला दाखवायला पळालास आणि टॉर्चही घेऊन गेलास, मी अंधारात तसाच बसलो. मग तुला दाखवले, सूर चढवायचा तर जिभेच्या टोकाला कानस लावायची, उतरवायचा तर बुडाशी. दोन घासे, मग कान. पुन्हा एक घासा, पुन्हा कान. आता तू मोबाईलवरच्या काट्याने सूर लावतोस. त्यावरूनही मी वाद घातला. काटा खोटे सांगत नाही हे मान्य आहे. पण काट्यावर बरोबर आलेला गंधार तंबोऱ्यातून ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा चढा असतो, तो पेटीचा जन्माचा दोष. तूच मला वाचून दाखवलेस की अशाच कारणांवरून 1940 साली रेडिओने पेटीला बाहेर काढले आणि 1971 पर्यंत आत घेतले नाही. तेव्हा आजोबा रोज रात्री एका देवळासमोर पेटी वाजवत होते. त्यांना ते कळलेसुद्धा नसेल.

आता परवाचे. तुला सांगणार नव्हतो. पिंगुळीच्या बाजूला तुमच्या नाटकाचा दहीकाला होता, तिथे मी आणि काका स्कूटरने आलो होतो. मागे, शेंगदाणेवाल्याच्या पलीकडे उभे राहिलो. तुझ्या नजरेला पडू नये म्हणून काकाने मफलर डोक्याला गुंडाळला होता. आड दशावतार, म्हणजे मुख्य आख्यानाच्या आधीचा भाग, ऐकला. संकासुर मालवणीत पुटपुटतो ते आमच्या वेळी पहिल्या चार रांगांनाच ऐकू यायचे, मागची माणसे पुढच्यांचे हसणे बघून हसायची. परवा माझ्याशेजारची म्हातारी त्याच्या प्रत्येक शब्दाला हसत होती. पेटीचा माईक तू भात्यापासून लांब, तिरका ठेवला होतास, म्हणून सुरातला श्वास येत नव्हता, नुसता सूर येत होता.

आणि आख्यानात तो राजा बाकड्यावरून उठला तेव्हा मी नाटक बघतच नव्हतो, तुझा हात बघत होतो. त्याने आवाज चढवायच्या आधी तुझे मिक्सरवरचे बोट खाली आले. आपल्याकडे कागदावर काही लिहिलेले नसते. नट कुठे ओरडणार, कुठे रडणार, कुठल्या पट्टीत गाणे उचलणार ते त्याचे त्यालाही आयत्या वेळी समजते. पेटीवाल्याने त्याच्या मानेच्या शिरा बघून सूर धरायचा असतो. मला हे जमायला सात हंगाम लागले. तुला कोणी शिकवले? काका माझ्या कानात म्हणाला, "पेटी वाजयता रे तो, पट्टे नाय तरी." मला तिथे थांबवेना. माईकची शिट्टी एकदाच आली, ती मुकुटाच्या झालरीने, तुझी चूक नव्हती.

आम्ही दोन वाजता निघालो. निघताना तुमची गाडी बघितली. मागचे टायर गुळगुळीत झालेले आहेत. उजवीकडचे तर अगदीच.

बघ, आलोच मी गाडीवर.

विषय आलाच आहे तर लिहितो. साऊंड बघणारा माणूस रात्रभर जागा असतो. नटाला विंगेत डुलकी काढता येते, तुला एक मिनिट मान खाली घालता येत नाही. सकाळी दहीकाल्याची हंडी फुटली की सगळे सामान आवरायचे, केबल गुंडाळायच्या, आणि मग स्टिअरिंगवर बसायचे तूच. पुढच्या गावी पोचून दुपारी दोन तास झोप, की पुन्हा माईक लावायचे. असे एक-दोन दिवस नाही, पंचांगाबरोबर वैशाखापर्यंत. बस-ट्रकच्या ड्रायव्हरला दिवसाला 8 तासांच्या वर, आठवड्याला 48 तासांच्या वर कामाला लावू नये असे 1961 च्या मोटार परिवहन कामगारांच्या कायद्यात लिहिले होते. कायदा लिहिणाऱ्यांना झोप म्हणजे काय ते कळत होते. चहाने झोप जात नाही, ती तासभर मागे उभी राहते. खिडकी उघडली, तोंडावर पाणी मारले, गाणी मोठ्याने लावली, त्याने काही होत नाही. पहाटे तीन ते पाच शरीर आपले ऐकत नाही. देवळाच्या ओसरीवर दोन तास पाठ टेकायची आणि मगच चावी हातात घ्यायची. मालकाला सांगायचे, दुसरा ड्रायव्हर बघा. नाही म्हणाला तर...

झाले, पुन्हा व्याख्यान झाले. माफ कर. तू 26 वर्षांचा आहेस, आयटीआय केलेला आहेस, तुला ह्यातले सगळे कळते. त्या दिवशीही मी एवढेच सांगायला तोंड उघडले होते आणि बाहेर आले ते भलतेच. "तुला त्यांनी साऊंडवाला म्हणून नाही, फुकटचा ड्रायव्हर म्हणून ठेवला आहे" असे मी म्हणालो. ते खोटे आहे, परवा डोळ्यांनी बघून आलो. आणि गोव्यातली वेर्ण्याची नोकरी सोडली म्हणून मी तुझ्यावर रागावलो आहे असे तुला वाटते. नाही रे. ताईच्या लग्नाचे फेडायचे होते तोवर मला त्या पगाराची आस होती, आता नाही. कळसूत्री बाहुल्या नाचवणाऱ्या पिंगुळीच्या परशुराम गंगावण्यांना 2021 साली पद्मश्री मिळाली तेव्हा तू मला म्हणाला होतास, "बाबा, त्यांनी गुरांच्या गोठ्याचे संग्रहालय केले, आपली पडवी तर गोठ्यापेक्षा मोठी आहे." ते मी विसरलेलो नाही. त्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळाने पडवीची कौले उडवली आणि त्या पावसात तू आधी पेटी उचललीस, मग तुझा लॅपटॉप. लॅपटॉप गेला. त्याबद्दलही मी कधी काही बोललो नाही.

आता जे लिहितो ते आईला माहीत नाही. काकाला माहीत आहे, कारण पाय त्याचा गेला.

चौक्याजवळ गाडी शेतात गेली ती गाय आडवी आली म्हणून, असे तू लहानपणापासून ऐकत आला आहेस. गाय नव्हती. मालवणच्या बाजूचे नाटक उरकून आम्ही कुडाळकडे येत होतो. ड्रायव्हर आदल्या रात्रीचाही जागा होता. त्याच्याशेजारी माझी जागा. पेटीवाला पुढे बसतो आणि ड्रायव्हरला बोलता ठेवतो, अशी मंडळाची पद्धत होती. मी त्याला घरचे विचारत होतो, त्याच्या मुलीचे कुठल्या गावी जमते आहे ते तो सांगत होता. गावाचे नाव मला आठवत नाही, कारण तिथेच माझा डोळा लागला. मी बोलायचा थांबलो, म्हणून तोही झोपला. जाग आली ती भाताच्या चिखलात. मृदंगाच्या डाव्या तोंडाची कणीक काचेवर उडून चिकटली होती, ती मला अजून दिसते. मागे कपड्यांचा पेटारा काकाच्या गुडघ्यावर आला होता. तो ओरडत नव्हता, "माझो मृदंग बघ" म्हणत होता.

गाय आडवी आली हे मी म्हणालो. पहिल्यांदा कोणीतरी विचारले तेव्हा तोंडातून गेले, मग तेच चालू राहिले. ड्रायव्हरने मान हलवली. काका बरेच दिवस काही बोलला नाही. पुढे एकदा दवाखान्यातून येताना म्हणाला, "गाय काळी होती की तांबडी, ता एकदा ठरवून ठेवया, नायतर आपण दोघा दोन रंग सांगतलव." त्यानंतर आजपर्यंत त्याने विषय काढलेला नाही. परवा स्कूटरवर मागे बसला तेव्हा त्याला पाय हाताने उचलून वर घ्यावा लागला. तुझ्या नाटकाला मात्र तोच म्हणाला, जाऊया.

मी पेटी सोडली ती बोटे दुखतात म्हणून नव्हे. त्या हंगामानंतर मला गाडीत झोपही येईना आणि जागाही राहवेना.

हे तुला घाबरवायला लिहिले नाही. तू सोडून ये असेही म्हणत नाही. परवा ऐकले त्यानंतर ते माझ्याच्याने म्हणवणार नाही. आंगणेवाडीच्या जत्रेची तारीख कौल लावून ठरली की तुमची धावपळ आणखी वाढेल, त्या दिवसांत रस्ते कसे असतात तुला माहीत आहे. काकाकडचा एक पोरगा लायसन काढून घरीच बसला आहे. मानधनाचे मी बघतो, पेन्शनीतून होण्यासारखे आहे. तुझ्या मालकाशी मी बोलणार नाही, तू बोल. तुझा मान जाईल असे मला काही करायचे नाही. आणि तो आला तरी शेजारी जो बसेल त्याला झोपू देऊ नकोस.

आईने सोलकढीसाठी आगळाची बाटली आणि आंबोळ्या दिल्या आहेत. आंबोळ्या त्याच दिवशी संपव, राहिल्या की आंबतात. ती विचारते, मुंडावळीच्या डब्यात ठेवलेली लोकरीची टोपी नेलीस का. डिसेंबरात उघड्यावर दव पडते, तुझ्या मिक्सरवर कापड घालतोस तसे डोक्यावरही घाल.

काल पहाटे तुझे यंत्र खट् करून लागले. चार वाजून गेले होते. मी जागाच होतो. उठून खोक्याचे दार उघडून बघितले, 68 आकडा, लाल दिवा. हात धरला तर ऊब येत होती. बंद होईपर्यंत तिथेच बसलो.

पत्र मिळाले की कळव. वेंगुर्ल्याहून पुढे कुठे, आणि गाडी कोण चालवणार, तेही कळव.

तुझा,
बाबा

ता. क. काळी चारचा सूर पुन्हा किंचित उतरला आहे. मी कानस लावलेली नाही. तू येशील तेव्हा तुझा काटा आणि माझे कान दोन्ही लावून बघू.